सासरा, जावई आणि चारशे पौंड

पेन्सिल्व्हेनियात एलिसबर्गजवळ कनोबल्स नावाचं अम्युझमेंट पार्क आहे. तिथे प्रवेश फुकट, पार्किंगही फुकट. ज्या राइडमध्ये बसाल तिचेच पैसे. ऐकायला छान वाटतं, पण भित्र्या माणसाचा हा शुद्ध घात आहे. "एवढं तिकीट? त्यापेक्षा घरी भजी तळू" हा माझा हुकमी एक्का गाडी लावतानाच बाद झाला.

लेक आणि जावई न्यू जर्सीत राहतात. जावईबापूंना रोलर कोस्टरचा नाद आहे. नुसतं बसून त्यांचं भागत नाही, समजावूनही सांगतात. आधी त्यांनी आम्हाला फिनिक्सकडे नेलं. हा लाकडी कोस्टर १९४७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत 'रॉकेट' या नावाने उभा राहिला. तिथलं पार्क बंद पडलं, मग तो सगळा सुटा करून इथे आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू केला. हे त्यांनी मला धीर यावा म्हणून सांगितलं. आम्ही घर बदललं तेव्हा नुसत्या दिवाणाचे चार नट हरवले होते, ते मला नेमके तेव्हाच आठवले.

सुरुवातीला काळाकुट्ट बोगदा. मग साखळी खडखडत वर नेते आणि अठ्ठ्याहत्तर फुटांवरून काहीही न विचारता खाली सोडते. दोघांत मिळून मांड्यांवर एकच आडवी दांडी. ती हिच्या आणि माझ्या आकारमानात तडजोड करून कुठेतरी मध्येच थांबली होती. पुढचा प्रत्येक उंचवटा म्हणजे एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ओलांडलेला गतिरोधक, फक्त इथे ड्रायव्हरला शिव्या घालायची सोय नाही. ही मात्र दोन्ही हात वर करून ओरडत होती. घरी झुरळ दिसलं की हीच बाई पलंगावर चढते.

"बूड सीट सोडतं, पण डबा रूळ सोडत नाही, बाबा," जावईबापू उतरल्यावर म्हणाले. चाकं रुळाच्या वर असतात, बाजूला असतात आणि खालूनही रुळाला धरून असतात. या खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाची, पेटंट १९१९ चं. मिलरसाहेबांना मी मनोमन नमस्कार केला.

मग आम्ही फ्लाइंग टर्न्सला आलो. बॉबस्लेड नावाची घसरगाडी बर्फाच्या नाळीतून घसरते, तोच खेळ इथे भर उन्हाळ्यात लाकडी पन्हळीतून. पन्हळीत रूळ नाही! डबे चाकांवर मोकळे. वळणावर भिंतीवर किती चढायचं ते तुमचा वेग आणि तुमचं वजन आपसात ठरवतात. ही कल्पना बार्टलेट नावाच्या ब्रिटिश वैमानिकाची. पहिली राइड १९२९ मध्ये ओहायोतल्या डेटनला झाली आणि तिच्या उभारणीत त्याचा साथीदार कोण, तर हाच जॉन मिलर. ज्याने डबा रुळाला जखडला, त्यानेच दहा वर्षांनी रूळ काढून टाकला. नमस्कार मी परत घेतला.

कनोबल्सवाल्यांनी ही जुनी तऱ्हा पुन्हा उभारायला घेतली २००६ मध्ये आणि लोकांना बसायला मिळालं २०१३ मध्ये. चाकं काही केल्या जमत नव्हती म्हणे. आमच्याकडच्या उड्डाणपुलांच्या मानाने हे वेळेतच म्हणायचं.

"डिस्नेलँडमध्येही बॉबस्लेड आहे ना?" मी वेळ काढत विचारलं. आहे, १९५९ पासून. मॅटरहॉर्न नावाच्या नकली पर्वताच्या पोटातून जाते. पण ती धावते पोलादी नळ्यांच्या रुळावर, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मला ती एकदम आवडली.

रांगेच्या तोंडाशी पाटी होती: एका डब्यात दोन माणसं, मिळून चारशे पौंडांपर्यंत. आता विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगा भरणाऱ्या घराला हे गणित अवघड नाही, पण ते सासरा आणि जावई यांचं चारचौघांत करायचं होतं. माझे शहाऐंशी किलो मी सांगून टाकले. जावईबापू ब्याण्णव म्हणाले आणि लगेच सासूबाईंकडे बघून ओशाळले. दोन महिने त्यांच्या पानात साजूक तूप वाढणारा हात तिचाच होता. बेरीज तीनशे ब्याण्णव पौंड. आठ पौंडांनी मी वाचलो नाही.

डब्यात माणसं शेजारी नाही, एकामागे एक बसतात. जड माणूस मागे, हलका पुढे. म्हणजे मांडवात ज्यांचे पाय मी पाणी घालून धुतले, त्याच पायांच्या बेचक्यात बसून मला त्यांच्या छातीला टेकायचं होतं. "बाबा, रेलून बसा," जावईबापू म्हणाले. "नको, मी असाच बरा आहे," मी म्हणालो. पहिल्या वळणावर माझ्या मताला काही किंमत उरली नाही.

खरं सांगतो, वेग फिनिक्सपेक्षा कितीतरी कमी. पण फिनिक्स सगळ्यांना एकाच मापाने पाडतो, मंत्री असो की मारकुटा मास्तर. इथे डबा भिंतीवर चढला की वाटतं, हे आपल्या तुपामुळे. एका वळणावर मी "आई गं" म्हणालो, मागून जावईबापूही "आई गं" म्हणाले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच आमचं एखाद्या विषयावर तत्काळ एकमत झालं.

खाली उतरलो तर ही पर्स लेकीकडे देऊन तयार. "आता मी जावईबापूंबरोबर बसणार."

"आई, वजन सांगावं लागेल."

लग्नाला तीन तपं होत आली तरी हा आकडा मला कळलेला नाही; रेशनकार्डावर तो लिहीत नाहीत. मी कान टवकारले. हिने लेकीला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. लेकीने मोबाइलवर बेरीज केली, पाटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "आई, तू माझ्याबरोबर बस."