रानातले प्राणी, जंत आणि एक फिरता संदेश

नाशिकमधल्या कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. वर उसात पहुडलेल्या बिबट्याचे छायाचित्र आणि खाली चार दावे: रानातल्या प्राण्यांना जंत होत नाहीत, झालेच तर ते शरीराचे मित्र असतात, लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत प्राण्यांनी कृमींवर कायमची मात केली आहे, आणि काही बिघडलेच तर ते झाडपाला खाऊन आपोआप बरे होतात. सबब, मुलांना शाळेत मिळणारी जंताची गोळी म्हणजे थोतांड. माझ्या भावजयीने हे वाचले आणि लेकीला गोळी न घेण्याची ताकीद देऊन शाळेत पाठवले, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आधी या ‘सबब’विषयी. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन चिकटतो आणि रक्त शोषत राहतो. त्याने मुलांमध्ये रक्तक्षय होतो आणि वाढ खुंटते. त्यासाठीच २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, आणि ज्यांची राहून जाते त्यांच्यासाठी काही दिवसांनी पुन्हा सोय करतात. बिबट्याच्या तब्येतीवरून या गोळीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. शिवाय त्या तब्येतीविषयी लिहिलेलेही चूकच आहे.

पहिल्या दाव्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीत गोलकृमी आणि अंकुशकृमींची अंडी सापडल्याच्या नोंदी आहेत. प्राणी लांबून तुकतुकीत दिसतो, याचा अर्थ त्याचे पोट रिकामे आहे असा होत नाही. सिन्नरकडचा कोणताही मेंढपाळ हे सांगेल. कळप धडधाकट दिसत असतानाच तो त्याला जंताचे औषध पाजतो.

मैत्रीच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो: अनेक परजीवी ज्या प्राण्याच्या जिवावर जगतात त्याला फारसा त्रास न देता वर्षानुवर्षे राहतात. पण अमेरिकेच्या ईशान्य भागात २०१४ ते २०१६ या काळात मूस हरणांची जी वासरे अभ्यासली गेली, त्यांच्या अंगावर सरासरी ४७ हजारांहून अधिक गोचिडी होत्या आणि त्यांतली सुमारे ७० टक्के वासरे हिवाळ्याअखेर मेली. गोचिडींनी त्यांचे रक्त अक्षरशः संपवले होते. याला मैत्री म्हणवत नाही.

सर्वांत निराधार दावा आहे तो उत्क्रांतीचा, आणि त्याला शास्त्राचा मुलामा दिलेला असल्यामुळे तोच लोकांना पटतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा बेटसमूहातल्या हिर्टा बेटावर सोए जातीच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या मोकाट राहतात. तिथे त्यांची शिकार करणारा प्राणी नाही, औषध पाजणारा मेंढपाळ नाही. म्हणजे संदेशकर्त्याला हवा तसा शुद्ध निसर्ग आहे. १९८५ पासून तिथे एकेका मेंढीची नोंद ठेवली जाते. काही हिवाळ्यांत निम्म्याहून अधिक कळप मरतो. मूळ कारण उपासमार हे खरे. पण मेलेल्या मेंढीचे जठर उघडले की अस्तरात हजारो बारीक कृमी दिसतात, ज्यांच्यामुळे तिची भूक मंदावलेली असते आणि खाल्लेले अंगी लागत नसते. संशोधकांनी काही मेंढ्यांना जंतनाशक दिले, तेव्हा त्या अशा हिवाळ्यात इतरांपेक्षा अधिक तगल्या. कृमींवर आधीच मात झालेली असती, तर औषधाने फरक पडायचे कारणच नव्हते.

याच कळपावरचा २०१० चा एक शोधनिबंध यापुढची गोष्ट सांगतो. ज्या माद्यांच्या रक्तात प्रतिपिंडे (रोगप्रतिकारासाठी शरीर तयार करते ती प्रथिने) अधिक होती, त्या कडक हिवाळ्यातून अधिक वाचल्या, मात्र एकेका वर्षात त्यांना कोकरे होण्याची शक्यता कमी होती. आणि हा गुण काही अंशी आनुवंशिक आहे. प्रतिकार करायला शरीराची ताकद लागते आणि ती कुठून तरी वळवावी लागते, त्यामुळे एका वर्षी एक मेंढी सरस ठरते, तर दुसऱ्या वर्षी दुसरी. शिवाय कृमींच्या पिढ्या मेंढीच्या पिढीपेक्षा कितीतरी भराभर उलटतात, म्हणजे त्यांनाही बदलायला भरपूर वाव मिळतो. ही ओढाताण आजही चालू आहे, आणि तिची किंमत दर पिढीतल्या दुबळ्या जनावरांनी मरून चुकवली आहे. आपल्या मुलांसाठी हा आदर्श कोणाला हवा आहे?

राहिला झाडपाला. यात तथ्य आहे. टांझानियातल्या महाले पर्वतराजीत संशोधक मायकेल हफमन आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींना सकाळी उपाशीपोटी खरखरीत, केसाळ पाने न चावता सबंध गिळताना पाहिले. नंतर त्यांच्या विष्ठेत तीच पाने घडीसकट बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत आतड्यातले कृमीही. पण चिंपांझी ही खटपट करतात, कारण त्यांना जंत झालेले असतात आणि ते त्रास देत असतात. संदेशातला चौथा मुद्दा वाचला की पहिले तिन्ही तिथेच कोसळतात, आणि संदेश पुढे ढकलणाऱ्या एकाच्याही हे लक्षात आलेले नाही.