सासूबाई, जावई आणि नसलेली कंपनी

पोलंडमध्ये परदेशी माणसाला भागीदारीचा धंदा काढायचा तर सल्ले देणारे रांगेनं भेटतात. चांगला हिशेबनीस गाठ, भाषा शिक, कागदांच्या तीन-तीन प्रती ठेव. भागीदार बघून घे, एवढं मात्र कुणी सांगत नाही. ते माणसाला कळतच असेल असं लोक धरून चालतात. माझ्या भागीदार म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना निवडलं असं लिहायला हरकत नव्हती, पण त्या मराठी लेख गूगलवर टाकून वाचतात, म्हणून खरं ते लिहितो. त्यांनी मला निवडलं.

आम्ही राहतो व्रोत्स्वाफला. सासूबाई उभं आयुष्य एका कारखान्यात हिशेब लिहून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हातचे पिएरोगी, म्हणजे पारीत सारण भरून, कडा दाबून उकडायचे, ही सगळ्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट. एका ईस्टरला मी त्यात बटाटेवड्याचं सारण भरलं. त्यांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, चौथ्याला त्या म्हणाल्या, "हे विकायचं." सातव्याला म्हणाल्या, "स्पूव्का त्सिव्हिल्ना करू."

स्पूव्का त्सिव्हिल्ना म्हणजे नागरी कायद्यातली साधी भागीदारी. या प्रकाराची गंमत अशी की तो कायद्याच्या दृष्टीनं नसतोच. १९६४ च्या पोलिश नागरी संहितेत कलम ८६० पासून ८७५ पर्यंत त्याची हकिगत आहे, आणि ती हकिगत कंपनीची नसून कराराची आहे. कंपनी म्हणून कुणी अस्तित्वात येत नाही. दोन माणसं एकमेकांना शब्द देतात, बस्स. खटला भरायचा तर माणसांवर, धंद्याची नोंद करायची तर माणसांची. पण ही जी नाही, तिला स्वतःचा दहा आकडी करक्रमांक मिळतो, त्याला निप म्हणतात. नऊ आकडी सांख्यिकी क्रमांक मिळतो, तो रेगॉन. व्हॅट भरायची वेळ आली की ती असते. प्राप्तिकराची वेळ आली की ती नसते, तो ज्यानं त्यानं आपापला भरायचा. अद्वैतावरची प्रवचनं मी लहानपणी कोल्हापुरात पुष्कळ ऐकली, पण इतकं अवघड त्यात काही नव्हतं.

मुळात परदेशी माणसाला हे करता येतं का, ते त्याच्या निवासपत्रावर अवलंबून. इथं आयटीत असलेला माझा एक पुणेकर मित्र माझ्याआधी पोलंडला आला, माझ्यापेक्षा चांगलं पोलिश बोलतो, पण त्याचं कार्ड नोकरीच्या आधारावरचं. त्याला ही भागीदारी करता येत नाही. हौस असेल तर त्यानं किमान ५,००० झ्वोती भांडवलाची मर्यादित कंपनी काढावी. मी पडलो पोलिश बाईचा नवरा, म्हणून मला पोलिश माणसाइतकीच मोकळीक. थोडक्यात परवाना बायकोमुळे आणि भागीदारही तिच्या माहेरचाच. मित्र म्हणाला, "तुझी दया यावी की हेवा वाटावा, ठरत नाही रे." अजून त्याचं ठरलेलं नाही.

आधी आम्हा दोघांना वेगवेगळं उद्योजक व्हायचं होतं. त्याची केंद्रीय नोंदणी ऑनलाइन आणि फुकट. फुकट हे ठळक लिहितो, कारण नोंद झाल्या झाल्या घरी एक पत्र येतं. त्यावर गरुडासारखं काहीतरी, पट्ट्या, बारकोड आणि नोंदणी शुल्क भरण्याची विनंती. कुणीतरी खाजगी मंडळी नव्या उद्योजकांचे पत्ते उचलून असली पत्रं धाडत असतात. मी बँकेचं ॲप उघडलं होतं. सासूबाईंनी पत्र हातातून घेतलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर मैदा, बटाटे, मोहरी अशी यादी लिहिली.

मग करार. नोटरी लागत नाही, नुसतं लेखी असलं की चालतं, हे कळल्यावर मी म्हटलं एका पानात उरकू. सासूबाईंनी संहिता आणली. छापील. तीत पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि त्या जुन्या होत्या, हे मला जरा लागलं.

"कलम ८६४," त्या म्हणाल्या, "देणी दोघांची मिळून." मिळून म्हणजे अर्धी-अर्धी नव्हे. ज्याचे पैसे देणं आहे त्यानं वाटलं तर सगळी रक्कम एकाकडूनच वसूल करावी, त्याच्या घरादारासकट. मग दुसऱ्याकडून हिस्सा मागत बसायचं ते त्या एकानं. कलम ८६३ आणखी पुढचं. भागीदारी आहे तोवर सामाईक मालमत्तेतला आपला वाटा विकता येत नाही, वाटणीही मागता येत नाही. म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळचं एकत्र कुटुंबच, फक्त कर्ता कोण ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नव्हती.

कलम ८६७ वर मात्र आमची जुंपली. एखाद्या भागीदाराला तोट्यातून मोकळं ठेवता येतं, पण नफ्यातून वगळता येत नाही. सासूबाईंचं म्हणणं, तोट्यातून त्यांना मोकळं ठेवावं, त्या पेन्शनर. माझं म्हणणं, झुसचे, म्हणजे सामाजिक विम्याचे, पूर्ण हप्ते पुढे मलाच भरायचे आहेत, त्यांना पेन्शनर म्हणून नुसता आरोग्याचा हप्ता. बायको दोघांच्या मध्ये बसून सफरचंद खात होती. तिनं निकाल दिला: तोटा निम्मा-निम्मा, आणि सारणात हिरवी मिरची किती हे मी एकट्यानं ठरवायचं. हे करारात आहे.

सही झाल्यापासून १४ दिवसांत भांडवलावर अर्धा टक्का कर. दोघांचे मिळून दहा हजार झ्वोती, म्हणजे ५० झ्वोती. मग रेगॉनचा अर्ज, तो आला की निपचा अर्ज, आणि निप आला की परत पहिल्या नोंदणीत जाऊन दोघांनी आपापल्या पानावर लिहायचं की आम्ही अमुक निपच्या नसलेल्या कंपनीत आहोत. कर कार्यालयातल्या खिडकीमागच्या बाईंनी अर्ज चाळत विचारलं, "दुसऱ्या भागीदार कोण?" मी म्हटलं, "सासूबाई." त्यांनी चष्मा काढला. "स्वखुशीनं?" सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी हो म्हटलं. बाईंनी शिक्का जरा हळू मारला, असं मला वाटलं.

हे सगळं सोपं म्हणायचं. अन्नाचा धंदा म्हटला की सानेपिद, म्हणजे सरकारी आरोग्य निरीक्षण. जागेची नोंद काम सुरू करण्याच्या किमान १४ दिवस आधी, ती केली. पण अन्नाला हात लावणाऱ्याचं पोटही निर्मळ लागतं. साल्मोनेला आणि शिगेला नाहीत हे दाखवायला लागोपाठ तीन दिवसांचे तीन नमुने, छोट्या नळ्यांतून. कशाचे, ते सुज्ञांस सांगणे न लगे. नळीवर ठसठशीत नाव आणि तारीख. आणि पोचवेपर्यंत थंड जागी ठेवा, अशी सूचना.

थंड जागा आमच्या घरी एकच, आणि तीत उद्याच्या चाचणीचे पिएरोगी. सासूबाईंच्या घरी एकच, आणि तीत त्यांचा चीझकेक. सासऱ्यांनी, जे एरवी बोलत नाहीत, पहिल्यांदा मत दिलं: "माझ्या बियरजवळ नाही." शेवटी जानेवारी कामी आला. बाल्कनीत बाहेर उणे चार. सहा नळ्या एका डब्यात, डब्यावर सासूबाईंच्या सुवाच्य हिशेबी अक्षरात 'कंपनीचं'. माझ्या जन्मात सासू-जावयाचं नातं इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं. कोल्हापुरात आम्ही सासूसमोर जांभईसुद्धा देत नाही.

आईला फोनवर नळ्यांचं सांगितलं नाही, भागीदारीचं सांगितलं. ती जराही दचकली नाही. आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. तिच्या लेखी ती सगळी पाहुणेच. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, हे तिला टीव्हीवरून कळलेलं. "त्यांनी आपल्याकडं पाच वर्षं काढली," ती म्हणाली, "तू एका बाईबरोबर कुरकुरतोस होय?"

दुकान चालू झालं, चालतंय. पाटीवर आमची दोघांची पूर्ण नावं आहेत, त्यामुळे पाटी दारापेक्षा रुंद. संहिता वाचायला मात्र मी अजूनही अधूनमधून काढतो, कारण तीत एक कलम ८६९ आहे. मुदत न घातलेल्या भागीदारीतून बाहेर पडायचं तर हिशेबी वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते. आमचं वर्ष डिसेंबरात संपतं, म्हणजे नोटीस ३० सप्टेंबरपर्यंत. हे सासूबाईंनाही ठाऊक आहे. सबंध सप्टेंबर त्या माझ्याशी इतक्या गोड वागतात की बायको संशयानं बघते. माझ्यासाठी वेगळं सूप, माझ्या मिरचीचं कौतुक, "दमलास रे, बस जरा." आणि १ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरातून आवाज येतो: "कांदा असा चिरतात?"