म्युनिकचं लिनक्स 'फेल' गेलं म्हणे!

परत तोच फॉरवर्ड आला, जर्मनीतल्या म्युनिक शहराने सरकारी पीसींवर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम घेतली त्याबद्दल. 'म्युनिकने लिनक्स लावलं, स्टाफला जमेना, पैसे वाचले नाहीत, शेवटी नाक मुठीत धरून विंडोजवर आले, आता युरोपातले बाकीचे पण परत येणार.' यात खरं एवढंच की म्युनिकने परत यायचं ठरवलं.

जमेना म्हणजे काय? २००३ ला ठरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुट्टी सोडून मेयरला भेटायला धावले होते, तरी ठराव पास झाला आणि २०१३ पर्यंत १५ हजारांच्या आसपास पीसी लिनक्सवर गेले. तक्रारी होत्या, नाही कशाला म्हणू, काही खात्यांची सॉफ्टवेअरं विंडोजशिवाय चालतच नव्हती, बाहेरून आलेली वर्ड फाइल उघडली की फॉरमॅटिंग हललेलं. पण २०१६ चा ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीचा रिपोर्ट वाचा, त्यात मोठं दुखणं आयटी खात्याचा विस्कळीत कारभार हे सांगितलंय. तो कारभार विंडोज बसवून कसा सुधारणार, देव जाणे.

पैशाचं म्हणाल तर शहराने २०१२ ला हिशोब मांडला, १ कोटी युरोपेक्षा जास्त वाचले. मायक्रोसॉफ्टने एचपी या कॉम्प्युटर कंपनीकडून उलटा हिशोब करून घेतला, तो तुम्ही मानत असाल तर माना बापडे. पण २०१७ ला परत जाण्यासाठीच जवळपास ५ कोटी युरो मंजूर करावे लागले, ते फॉरवर्डमध्ये कुठेत?

बाकी सगळे परत येणार म्हणे. व्हिएन्ना आलं परत, मान्य. पण फ्रान्सची जाँदार्मरी, म्हणजे तिथलं निमलष्करी पोलीस दल, त्याचं कोणी नावच घेत नाही! त्यांनी घाई केली नाही, आधी ओपनऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर), मग फायरफॉक्स ब्राउझर, लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. खालची सिस्टीम बदलली तरी रोजचे प्रोग्रॅम तेच, मग कोण कुरकुरणार? २०२४ पर्यंत १ लाखाच्या वर मशीन त्यावर.

जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य पण त्याच वाटेने चाललंय. २०२४ ला ३० हजार पीसींसाठी लिब्रेऑफिस (ओपनऑफिसचंच भावंड) जाहीर केलं, २०२५ ला ४० हजारांवर मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल सिस्टीमवरून हलवले, लिनक्सचा नंबर त्यानंतर.

आणि म्युनिक? २०२० ला तिथे सत्तेत आलेल्या ग्रीन आणि एसपीडी या पक्षांच्या आघाडीच्या करारात परत ओपन सोर्स, म्हणजे लिनक्ससारखं खुलं सॉफ्टवेअर आलं, जमेल तिथे तेच वापरायचं म्हणून.