सी-एच म्हणजे च, हे ठरवलं कुणी?

सध्या एक संदेश फिरतोय: 'रोमन लिपीत सी-एच म्हणजे च, बाकीचे उच्चार अपभ्रंश. हा घोळ इंग्रजांनी घातला. एका ध्वनीला दोन अक्षरं लागणं हा रोमनचा दोष, देवनागरीत असलं काही नाही.' तिन्ही विधानं चुकीची आहेत.

आधी इंग्रजांना सोडवू. ही जोडी इंग्रजीच्या जन्माआधीची. ग्रीक शब्दांतला 'ख'सारखा ध्वनी दाखवायला रोमन लोक ती वापरत. जुन्या इंग्रजीत तर 'च'साठी नुसता सी चालायचा. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर त्यांच्या लेखनिकांनी फ्रेंच वळणाचा सी-एच आणला. त्या काळच्या फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार च होता, पुढे तिथे तो श झाला. 'चीफ' आणि 'शेफ' हा मुळात एकच फ्रेंच शब्द. इंग्रजीने तो दोनदा उचलला, एकदा च असताना आणि पुन्हा श झाल्यावर. आता यातला अपभ्रंश कुठला म्हणायचा?

इटालियनमध्ये उलटी गंगा आहे. सी-आय लिहिलं की 'ची', मध्ये एच घातला की 'की'. म्हणजे च होऊ नये म्हणूनच तिथे एच येतो! जर्मन लोक 'बाख'मधला सी-एच घशातून काढतात. स्पॅनिशमध्ये मात्र आपल्या ओळखीचा च.

मुळात ही दोन अक्षरं आहेत, हेसुद्धा सगळीकडे खरं नाही. चेक वर्णमालेत सी-एच हे एक स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याची जागा एचच्या नंतर. पावासाठीचा चेक शब्द सी-एचने सुरू होतो, पण कोशात तो सीच्या पानांवर शोधत बसाल तर सापडायचा नाही. शब्दकोड्यातही ही जोडी एकाच चौकोनात भरतात. स्पॅनिशमध्येही पूर्वी सी-एच वेगळं अक्षर होतं. १९९४ साली तिथल्या भाषा अकादमींनी कोशातला त्याचा वेगळा विभाग मोडला, २०१० मध्ये ते वर्णमालेतूनही गेलं. बोलणाऱ्यांच्या तोंडचा च जिथल्या तिथे आहे.

राहिली देवनागरी. 'म्हण' म्हणताना ओठ एकदाच मिटतात आणि 'म'बरोबरच श्वास सुटतो. मराठीतले म्ह, न्ह हे एकेक ध्वनी आहेत असं अनेक भाषाअभ्यासक मानतात, पण लिहिताना आपण दोन अक्षरं जोडतो. 'ख'ला स्वतःचं चिन्ह मिळालं, 'म्ह'ला नाही. उलट प्रकारही आपल्याकडे आहेच: 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणून बघा. च एकच लिहिला, उच्चारले दोन.