आरआयपी अजून का शिकवायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पोटतिडकीने लिहिलेली आहे आणि तुम्ही विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलताय, म्हणून दोन ओळींत उत्तर देणे बरे वाटले नाही. मागच्या लेखात मी म्हटले होते की पदवीच्या वर्गात बेलमन-फोर्ड आणि डिक्स्ट्रा या जवळचा मार्ग काढण्याच्या पद्धती, आणि आरआयपी हा राउटरांनी शेजाऱ्यांना अंतरे सांगून मार्ग ठरवण्याचा जुना नियमसंच, कागदावर सोडवून घेतलेच पाहिजेत. तुमचे म्हणणे असे की मोठ्या नेटवर्कमध्ये आरआयपी आता कुणी लावत नाही, जवळचा मार्ग यंत्रच काढते आणि पुढचा काळ एसडीएनचा, म्हणजे एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरने सगळे जाळे चालवण्याचा आहे. तेव्हा हा इतिहास बाजूला ठेवून मुलांना राउटरच्या कमांड शिकवा, म्हणजे ती लगेच कामाला लागतील.

एका बाबतीत आपले मत जुळते. दहा नोडचा आलेख (रेषांनी जोडलेले दहा बिंदू) द्यायचा, डिक्स्ट्राचा तक्ता भरून घ्यायचा आणि गुण टाकायचे, या प्रश्नात राउटिंग, म्हणजे जाळ्यातल्या यंत्रांनी मार्ग ठरवणे, नाहीच. सोडवणाऱ्याला अख्खा आलेख समोर दिसतो, कुठलीही लिंक तुटत नाही, कुठलाही संदेश उशिरा पोहोचत नाही. राउटरच्या नशिबी यातले काहीच नसते. त्याला शेजारी सांगतात तेवढेच कळते आणि तेही थोडे शिळे झालेले असते. अशा अपुऱ्या, शिळ्या माहितीवर शेकडो यंत्रांनी एकमेकांशी जुळणारे निर्णय कसे घ्यायचे, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. आरआयपी मी शिकवतो तो याच कारणासाठी: त्यात हा गाभा उघडा दिसतो, आणि बिघडताना सर्वांत स्पष्ट दिसतो.

क, ख, ग असे तीन राउटर एका ओळीत घ्या. ग पर्यंतचे अंतर ख साठी १, क साठी २. आता ख आणि ग यांच्यातली लिंक तुटली. ख ने ही बातमी सांगण्याआधीच क चा नेहमीचा संदेश आला: ‘ग माझ्यापासून २ वर आहे.’ तो मार्ग आपल्यातूनच जातो हे ख ला कळायला वाव नाही, कारण संदेशात अंतर आहे, वाट नाही. ख लिहितो ३. ते ऐकून क करतो ४. मग ५, ६, आणि तोवर ग कडे निघालेली पॅकेट टीटीएल (किती राउटर ओलांडू द्यायचे ती मर्यादा) संपेपर्यंत क आणि ख यांच्यात हेलपाटे घालत राहतात. आरआयपीत १६ म्हणजे अनंत का, हे इथे कळते: ही मोजणी कुठेतरी थांबायला हवी. नियमित संदेश ३० सेकंदांनी जात असल्याने, फक्त त्यांच्यावर विसंबले तर थांबायला काही मिनिटे लागतात. ज्याच्याकडून शिकलो त्यालाच तो मार्ग परत सांगायचा नाही, हा स्प्लिट होरायझनचा उपाय दोघांतले चक्र मोडतो, पण तीन राउटर वर्तुळात असले की तोही अपुरा पडतो. हे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने, संदेशामागून संदेश लिहून पाहिले पाहिजे. वाचून ते पटते, पण अंगात मुरत नाही.

‘लिंक स्टेट आल्यावर हे सगळे संपले’ असे तुम्ही लिहिले आहे. लिंक स्टेट म्हणजे प्रत्येकाने आपल्या लिंकची स्थिती अपडेट पाठवून सगळ्या जाळ्याला कळवायची आणि त्या नकाशावरून प्रत्येकाने मार्ग काढायचा. इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याने नेमका हाच बदल केला होता. तरी २७ ऑक्टोबर १९८० रोजी ते जाळे कित्येक तास बंद पडले. प्रत्येक अपडेटला ६ बिटांचा अनुक्रमांक असे आणि ६३ नंतर पुन्हा ०. म्हणून नवे कोणते हे ठरवायला वर्तुळाकार तुलना होती: फरक ३२ किंवा कमी असेल तर मोठा आकडा नवा, जास्त असेल तर लहान आकडा नवा. हार्डवेअरच्या दोषाने काही बिट गळले आणि एकाच नोडचे तीन अपडेट एकाच वेळी फिरू लागले: ८, ४० आणि ४४. मांडून पाहा. ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक नोड प्रत्येक अपडेट ‘नवे’ म्हणून स्वीकारत आणि पुढे ढकलत राहिला. ओएसपीएफ या लिंक स्टेट नियमसंचात अनुक्रमांक ३२ बिटांचा आणि सरळ वाढत जाणारा का, शिवाय चेकसम (बिट बिघडले का ते पकडणारा आकडा) आणि ३६०० सेकंदांची वयोमर्यादा कशाला, हे या प्रसंगासोबत शिकवले की त्या आकड्यांना अर्थ येतो.

आता कमांडचा मुद्दा. ओएसपीएफचे दोन शेजारी एक्सस्टार्ट या, देवाणघेवाणीच्या सुरुवातीच्या, अवस्थेत अडकून बसतात, हा नेहमीचा बिघाड तुम्हीही पाहिला असेल. बऱ्याचदा दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसतो. कमांड पाठ असलेला मुलगा त्याच ओळी पुन्हा टाइप करतो. या टप्प्यावर डेटाबेसचे वर्णन करणारी पॅकेट जातात आणि त्यांत एमटीयू लिहिलेला असतो, हे ज्याला माहीत आहे तो थेट तिथे बघतो. आणि २४ फेब्रुवारी २००८ आठवा. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांच्या /२२ पट्ट्यातला एक /२४, म्हणजे त्यातला लहान तुकडा, आपल्याकडे असल्याचे जाहीर केले, ती घोषणा देशाबाहेर गेली आणि यूट्यूबकडची जगभरची वाहतूक तिकडे वळली. राउटरांच्या दृष्टीने कुठेही काही चुकले नव्हते. जास्त लांबीचा प्रीफिक्स (म्हणजे पत्त्यांचा लहान, अधिक नेमका पट्टा) जिंकतो, या नियमाप्रमाणेच ते वागले.

एसडीएनबद्दल थोडक्यात. मध्यवर्ती कंट्रोलरला सगळा नकाशा दिसतो हे खरे, पण त्याचे आदेश स्विचांपर्यंत एकाच क्षणी पोहोचत नाहीत. काही स्विच नव्या नियमावर, काही जुन्यावर, अशा अवस्थेत तात्पुरती चक्रे तयार होतातच. शिवाय कंट्रोलर आणि स्विच यांच्यातला मार्ग कोण ठरवणार, हा प्रश्न उरतो.

प्रयोगशाळा हवी, यावर मी तुमच्याइतकाच ठाम आहे. मिनीनेट (आभासी जाळे उभे करणारे) आणि एफआरआर (राउटरचे काम करणारे) ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. माझी अट क्रमाची आहे. चार राउटरचे जाळे द्यायचे आणि कोणती लिंक तुटणार ते सांगायचे. प्रत्येक संदेशानंतर प्रत्येकाचे टेबल काय असेल, ते विद्यार्थ्याने आधी कागदावर लिहून द्यायचे. मगच लिंक तोडायची आणि वायरशार्क या पॅकेट पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पकडलेले संदेश त्या कागदाशी ताडायचे. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधायचे, आणि परीक्षेचे गुण त्या कारणाला द्यायचे. तुम्हाला हव्या त्या कमांड याच तासाला, गरज पडेल तशा शिकवता येतात.