चार वॅटचा रेडिओ खेळणं नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची हरकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मंगळाकडे गेलेल्या नासाच्या ‘मार्को’ या जुळ्या छोट्या यानांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की पाच वॅटचा वॉकीटॉकी सातपूरहून पंचवटीत धड ऐकू येत नाही, मग चार वॅटवर मंगळाहून कसलं बोलणं? सगळी करामत पृथ्वीवरच्या 70 मीटरच्या डिशची, तो डबा नुसतं खेळणं. नाशिकच्या इंजिनीअरिंगच्या पोरांना या नादी लावू नका.

डिशचं श्रेय वादातीत आहे. पण सातपूर-पंचवटीत इमारती आड येतात आणि वॉकीटॉकीची दांडी लहरी चहूकडे उधळते. मार्कोची सपाट अँटेना त्या लहरी एकाच दिशेला, पृथ्वीकडे, एकवटायची. तरी 14 कोटी किलोमीटरपेक्षा लांबून सेकंदाला जेमतेम 8 हजार बिट यायचे. 26 नोव्हेंबर 2018 रोजी नासाचं ‘इनसाइट’ यान मंगळावर उतरताना त्याचे संदेश पृथ्वीकडे पोचवायला तेवढे पुरले.

‘खेळणं’ मात्र मला मुळीच पटत नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या छोट्या उपग्रहाला जीपीएस मिळतं. मंगळाच्या वाटेवर ते कुठलं? तिथे यान कुठे आहे हे रेडिओच सांगतो. पृथ्वीवरून आलेली 7.2 गिगाहर्ट्झची लहर पकडायची, तिच्या लयीला चिकटून राहायचं आणि नेमक्या 880/749 पटीने वाढवून 8.4 गिगाहर्ट्झवर परत पाठवायची. परतलेल्या लहरीतल्या फरकावरून यानाचा वेग सेकंदाला मिलिमीटरच्या अंशापर्यंत कळतो. जुळ्यांपैकी मार्को-बीच्या थ्रस्टरची (वायू सोडून यान ढकलणाऱ्या नळीची) झडप गळत होती, यान वाटेवरून ढकललं जात होतं. अशा वेळी हे मोजमाप नसतं तर मार्ग दुरुस्त करायचा तरी कशाच्या आधारावर?

आणि हे सगळं सव्वा किलोच्या आसपासच्या ‘आयरिस’ रेडिओत. तुम्ही एमआयडीसीत हीटसिंक (यंत्रातली उष्णता बाहेर टाकणारे धातूचे भाग) बसवलेत असं लिहिलंत, म्हणून विचारतो : संदेश पाठवताना हा रेडिओ सुमारे 35 वॅट खातो, बाहेर चार-पाच सोडतो. उरलेली उष्णता हवेशिवाय, पंख्याशिवाय कुठे न्यायची? यानाच्या सांगाड्यातून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचवायची आणि तिथून अवकाशात उत्सर्जित करायची, एवढीच वाट आहे.

पोरांना मी याच नादी लावणार. आणि उष्णतेचं गणित शिकवायला तुम्हीच एखाद्या रविवारी आलात, तर मला खरंच हवंय.