घोडा जिंकला म्हणून इंजिनं बंद केली म्हणे!

घोडा आणि इंजिनाच्या शर्यतीचा तो फॉरवर्ड तुमच्याकडेही येऊन गेला असेलच. माझ्याकडे इतक्या ग्रुपवर येऊन गेलाय की बघितला की अंगठा आपोआप पुढे सरकतो. पण या वेळी तो ताईनं पाठवला आणि खाली लिहिलं, "हिच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घेतोय, छान आहे ना?" म्हणजे आता तिची सातवीतली पोरगी स्टेजवर उभी राहून हे सगळं छातीठोकपणे सांगणार आणि समोर बसलेले तीनशे लोक टाळ्या वाजवणार. म्हटलं आता बास, एकदा लिहूनच टाकू.

फॉरवर्ड थोडक्यात असा. १८३० साली अमेरिकेत बाल्टिमोरला पीटर कूपर नावाच्या गरीब मेकॅनिकनं जगातलं पहिलं रेल्वे इंजिन बनवलं, नाव टॉम थम्ब. डॉक्टर लोकांनी बजावलं होतं की एवढ्या वेगात माणसाचा मेंदू काम करेनासा होईल. तरी त्यानं घोड्याशी शर्यत लावली, भर शर्यतीत बॉयलर फुटला, घोडा जिंकला. कंपनी घाबरली आणि पुढची दहा वर्षं घोड्यांवरच गाडी चालवली. मधे खेळण्यासारखी काही इंजिनं करून बघितली, ती दोन वर्षांत भंगारात. कूपर कंगाल होऊन मेला. मग हात जोडलेले, एक सूर्यफूल, 'काळाच्या पुढे धावणाऱ्याला जग आधी हरवतं', आणि खाली एका विचित्र इंजिनाचा फोटो, 'हेच ते टॉम थम्ब'.

जगातलं पहिलं वगैरे सोडूनच द्या. इंग्लंडमध्ये त्याच्या कितीतरी आधी इंजिनं धावत होती, स्टॉकटन ते डार्लिंग्टन लाइन १८२५ची आहे. अमेरिकेतलंसुद्धा पहिलं नाही. न्यू जर्सीत होबोकेनला जॉन स्टीव्हन्सनं १८२५मध्येच आपल्या आवारात गोल रूळ टाकून छोटं इंजिन फिरवलं होतं, आणि ऑगस्ट १८२९मध्ये पेनसिल्व्हेनियात होन्सडेलला स्टूरब्रिज लायन नावाचं इंग्लंडहून आणलेलं इंजिन रुळांवर चालवून झालं होतं. टॉम थम्बचं महत्त्व वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

आता शर्यत. ही झालीच नाही असं म्हणून मोकळं व्हायची मला फार इच्छा आहे, पण तसं म्हणता येत नाही. ही गोष्ट येते ती मुख्यतः जॉन लॅट्रोब या माणसाकडून. हा त्या रेल्वेचा, म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीचा वकील, सगळं जवळून बघितलेला. पण त्यानं ती सांगितली १८६८ साली, एका व्याख्यानात, म्हणजे घटनेनंतर ३८ वर्षांनी. तेव्हा नेमकी तारीख, नेमकं अंतर यावरून कोणी पैज मारायला गेलं तर मी मारणार नाही. तरी माणूस आतल्या गोटातला होता, म्हणून मान्य, घोडा पुढे गेला असेल. पण तुम्ही लॅट्रोब मानणार असाल तर पूर्ण माना ना, अर्धाच का? त्याच्या सांगण्यात बॉयलर कुठेही फुटत नाही.

झालं ते असं. टॉम थम्बला उभा बॉयलर होता, आणि त्यातल्या नळ्या म्हणून कूपरनं चक्क बंदुकीच्या नळ्या वापरल्या होत्या. बॉयलर एवढासा, त्यामुळे आगीला वारा पुरायचा नाही, म्हणून एक पंखा बसवला आणि तो फिरवायला चाकाला जोडलेल्या ड्रमवरून एक पट्टा घेतला. पिठाच्या गिरणीत पट्टा निसटला की काय होतं ते बघितलंय ना, तेच. सुरुवातीला घोडा पुढे, कारण वाफ धरायला वेळ लागतो. मग इंजिनानं वेग घेतला, घोड्याला गाठलं, मागे टाकलं, आणि नेमका तेव्हाच पट्टा ड्रमवरून निसटला. पंखा बंद, आग मंदावली, वाफ उतरली. इंजिन चालवणारा आणि आग सांभाळणारा कूपर एकटाच, त्यानं तो पट्टा हातानं परत चढवायचा प्रयत्न केला, त्यात हात सोलवटून घेतले, पण तोवर घोडा निघून गेला. आणि हे सगळं सांगून झाल्यावर लॅट्रोब स्वतःच म्हणतो की खरा विजय कूपरचाच. हे वाक्य फॉरवर्डवाल्यांनी सोयीस्करपणे गाळलंय.

बॉयलर फुटला तो दुसऱ्याच इंजिनाचा, दुसऱ्याच राज्यात. साउथ कॅरोलायनातलं बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन, जून १८३१. तिथल्या फायरमनला, म्हणजे इंजिनाची आग पेटती ठेवणाऱ्याला, सेफ्टी व्हॉल्व्हमधून (जादा वाफ सोडणारी झडप) सुटणाऱ्या वाफेचा आवाज सहन होईना म्हणून त्यानं तो व्हॉल्व्हच दाबून बंद केला, अशी नोंद आहे. कुणाचा बॉयलर आणि कुणाच्या गळ्यात! ध चा मा म्हणतात तो हाच.

डॉक्टरांचं बजावणं कुठून आलं ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच माहीत. लॅट्रोबच्या आठवणीत याच्या अगदी उलट एक भारी प्रसंग आहे. टॉम थम्बच्या पहिल्या फेरीत, बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स, १३ मैल, गाडी ताशी १८ मैलांवर गेली तेव्हा डब्यातल्या काही उत्साही मंडळींनी खिशातल्या वह्या काढल्या आणि आपापली नावं आणि काही अर्थ लागेल अशी वाक्यं लिहून दाखवली, एवढ्या वेगातही माणसाला लिहिता येतं हे सिद्ध करायला. मेंदू शाबूत होता म्हणायचा.

आता मुख्य मुद्दा, आणि माझं डोकं फिरतं ते इथे. "कंपनी घाबरली आणि दहा वर्षं घोड्यांवर गाडी चालवली." हे साफ खोटं आहे, आणि नुसतं खोटं नाही, सगळ्या गोष्टीचा अर्थच उलटा करणारं आहे. कारण शर्यत हरल्यावर कंपनीनं काय केलं माहितीये? चारेक महिन्यांत, जानेवारी १८३१मध्ये, जाहिरात दिली की आम्हाला अमेरिकेत बनलेलं इंजिन पाहिजे, १ जूनपर्यंत आणून द्या, सगळ्यात चांगल्याला ४००० डॉलर. अटी पण ठोक: वजन साडेतीन टनांच्या आत, सपाट रुळावर १५ टन ओढून ताशी १५ मैल, दगडी कोळसा किंवा कोक (भाजून घेतलेला दगडी कोळसा) जाळणारं, आणि आपला धूर आपणच जाळणारं. घाबरलेली कंपनी असं वागते का? टॉम थम्ब मुळात रोजच्या वापरासाठी केलेलंच नव्हतं, एखाद टनाचं यंत्र ते, प्रात्यक्षिक होतं. आपल्या वळणावळणाच्या लाइनवर वाफेचं इंजिन चालेल की नाही एवढंच संचालकांना बघायचं होतं. ते त्यांनी बघितलं, पटलं, पुढे गेले.

त्या स्पर्धेत पसंत पडलं ते यॉर्क नावाचं इंजिन, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावच्या फिनिआस डेव्हिसचं. हा माणूस मूळचा घड्याळजी! आणि त्याच्याच हातून १८३२मध्ये अटलांटिक आलं, साडेसहा टनांचं, आणि तिथून सुरू झाला तो ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा नावाचा वर्ग. फॉरवर्डमधली 'खेळण्यासारखी इंजिनं' ती हीच. एकदा नीट बघा तरी कशी होती. मधोमध पिंपासारखा उभा बॉयलर, शेजारी दोन उभे सिलिंडर. पिस्टन वर येतो तो बॉयलरच्या डोक्यावरच्या एका लांब दांड्याला उचलतो, दांड्याचं एक टोक खिळलेलं, त्याच्यावरून एक लांबच लांब दांडी खाली क्रँकपर्यंत, म्हणजे वर-खाली हालचालीचं गोल फिरणं करणाऱ्या वाकड्या दांड्यापर्यंत, येते, क्रँकवरून दातेरी चाकं, आणि मग खालची बुटकी चाकं फिरतात. चालताना ते वरचे दांडे आणि त्या लांब दांड्या अशा दुमडत-उलगडत जातात की नाकतोड्याच्या मागच्या तंगड्याच. आणि आगीला वारा घालणारा पंखा? पट्ट्यावर नाही, सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेवर फिरणारा. म्हणजे ज्या पट्ट्यानं कूपरचा घात केला तो पट्टाच गेला. हरल्यावर शिकणं म्हणतात ते हे, आणि भाषणात घ्यायचंच तर हे घ्या की!

घोड्याचा निकाल कुठे लागला ते पण सांगतो. शर्यतीत नाही, हिशेबाच्या वहीत लागला. अटलांटिकनं ५० टन माल ४० मैल ओढला, ताशी १२ ते १५ मैलांनी, खर्च १६ डॉलर. तेवढ्याच कामाला ४२ घोडे लागायचे आणि ३३ डॉलर जायचे. निम्म्याहून कमी. हे आकडे समोर असताना कुठली कंपनी घोडे चारत बसेल? पुढच्या पाच वर्षांत याच धाटणीची वीसेक इंजिनं झाली, बरीचशी कंपनीच्या माउंट क्लेअर वर्कशॉपमध्ये. जून १८३३मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याच लाइनवर गाडीत बसले, आगगाडीत बसलेले ते पहिले राष्ट्राध्यक्ष. ऑगस्ट १८३५मध्ये वॉशिंग्टनची शाखा सुरू झाली. डेव्हिस बिचारा त्याच सप्टेंबरात गेला, त्याच शाखेवर आपलं नवीन इंजिन घसरलं त्यात. हा माणूस फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, ज्यानं सगळं काम केलं तो गायब आणि घोड्याला हिरो केलंय.

नाकतोडे मागे पडले ते घोड्यांमुळे नाही, त्यांच्यापेक्षा चांगली इंजिनं आली म्हणून. इंजिनं बनवणाऱ्या रॉस विनान्सनं क्रॅब करून बघितले, म्हणजे खेकडे, सिलिंडर आडवे आणि दातेरी चाकांमुळे क्रँक गाडीच्या उलट दिशेला फिरणारे, पण या कंपनीसाठी ते दोनच झाले. आणि १८३७मध्ये विल्यम नॉरिसचं लाफायेत आलं, आडव्या बॉयलरचं, पुढे चार छोट्या चाकांची बोगी, म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा वळणारा चाकांचा सांगाडा, वळणावर ती आधी वळणार आणि मागचं इंजिन निमूट तिच्यामागून जाणार. पॅसेंजर गाडीला हेच पाहिजे होतं. उभ्या बॉयलरची सद्दी तिथून संपत आली. पुढे १८५६चं विल्यम मेसन बघा, पुढे चार, मागे चार मोठी चाकं, जुन्या अमेरिकन गाडीचं चित्र काढ म्हटलं तर कोणीही काढेल तसंच. आणि आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, त्याच वर्षाच्या सुरुवातीला ही 'घोडेवाली' कंपनी डोंगर ओलांडून ओहायो नदीवर व्हीलिंगला पोचलेली होती. घोड्यांवर पोचली का?

आता एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये आणेलच. बाल्टिमोर शहरात घोडे खरंच फार वर्षं राहिले. दहा नाही, त्याहून जास्त. पण ते कंपनी घाबरली म्हणून नाही, शहराच्या रस्त्यावर इंजिन आणायला मनाई होती म्हणून. एका स्टेशनवर डबे सोडायचे, घोडे जुंपून प्रॅट स्ट्रीटवरून दुसऱ्या स्टेशनला न्यायचे, तिथे परत इंजिन. एप्रिल १८६१मध्ये यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांचे डबे असेच घोड्यांनी ओढत नेताना जमावानं अडवले, दगडफेक, गोळीबार, माणसं मेली. तेव्हा 'घोडे होते' एवढ्या तीन-चार अक्षरांपुरतं फॉरवर्ड बरोबर, पुढचं सगळं सुतावरून स्वर्ग.

'दोन वर्षांत भंगारात' हे तर हसण्यावारी नेण्यासारखं. यातले काही नाकतोडे मुख्य लाइनवरून काढल्यावर माउंट क्लेअरच्या यार्डात शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायचं काम, करत होते, १८९०च्या पुढेपर्यंत. अर्धशतकाहून जास्त. तुमच्या घरातला मिक्सर किती वर्षं टिकतो?

त्यावरूनच फोटो. 'हेच ते टॉम थम्ब' म्हणून जो फोटो फिरतोय त्यात वरचे ते लांब दांडे स्पष्ट दिसतायत, म्हणजे तो टॉम थम्ब नाही, नाकतोडा आहे, बाल्टिमोरच्या रेल्वे म्युझियममधला अटलांटिक. आणि गंमत म्हणजे तोही खरा अटलांटिक नाही. १८३६चं अँड्र्यू जॅक्सन नावाचं इंजिन होतं, ते १८९३च्या शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्तानं अटलांटिकसारखं नटवलं. खरं टॉम थम्ब कधीच मोडीत निघालं. म्युझियममध्ये आहे ती १९२७ साली कंपनीच्या शताब्दीसाठी केलेली प्रतिकृती, तीही मूळ इंजिनापेक्षा मोठी आणि जड.

राहता राहिला 'गरीब मेकॅनिक, कंगाल होऊन मेला'. कूपरचा न्यूयॉर्कला चिकटवायच्या सरसाचा मोठा कारखाना होता, बाल्टिमोरला भागीदारीत ३००० एकर जमीन घेतलेली होती, आणि रेल्वे चालली तर त्या जमिनीचा भाव चढणार म्हणून तर तो या इंजिनाच्या भानगडीत पडला. पुढे लोखंडात पैसा केला. १८५९मध्ये न्यूयॉर्कला कूपर युनियन ही शिक्षणसंस्था काढली, १८७६मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि हरला, १८८३मध्ये ९२व्या वर्षी गेला, न्यूयॉर्कमधल्या बड्या श्रीमंतांपैकी एक म्हणून.